इमामुरांचं बरोबर आलं, हा मुद्दाच नाही

८ ऑगस्ट २०२४ ला जपानच्या क्यूशू बेटालगत, ह्यूगा समुद्रात, ७.१ तीव्रतेचा भूकंप झाला. नुकसान बेताचंच झालं. पण अडीच तासांनी जपानच्या हवामान संस्थेने एक निवेदन काढलं आणि तसं निवेदन तिने त्याआधी कधीच काढलेलं नव्हतं. नानकाई गर्तेत, म्हणजे जपानच्या दक्षिण किनाऱ्यालगतच्या समुद्रतळावरच्या खोल घळीत, महाभूकंप होण्याची शक्यता नेहमीपेक्षा वाढली आहे, आठवडाभर सावध राहा, असं त्यात म्हटलं होतं. दिवस ओबोनच्या सुट्टीचे होते. गणपतीला मुंबईचा चाकरमानी कोकणात निघतो तसा तिथला शहरी माणूस या दिवसांत गावी जातो, समुद्रावर जातो. शिराहामासारखे समुद्रकिनारे बंद झाले, हॉटेलांची आरक्षणं रद्द झाली, काही पट्ट्यांत शिनकानसेन ही बुलेट ट्रेन हळू धावली, पंतप्रधान किशिदा यांनी मध्य आशियाचा दौरा रद्द केला. १५ ऑगस्टच्या संध्याकाळी इशारा मागे घेतला गेला. महाभूकंप आला नव्हता.

त्यानंतर जो वाद पेटला तो मला सुरुवातीपासून खटकतो आहे. एक बाजू म्हणते की शास्त्रज्ञांनी उगाच लोकांना घाबरवलं, ऐन हंगामात धंदा बुडाला, आणि झालं काय? दुसरी बाजू १९०५ चा दाखला देते. टोकिओत मोठा भूकंप येऊ शकतो असं लिहिणाऱ्या भूकंपशास्त्रज्ञ इमामुरांनाही तेव्हा असंच हसले होते, पुढे १९२३ च्या भूकंपात टोकिओ जळालं, म्हणून शास्त्रज्ञाचं ऐका. दोन्ही बाजू एकाच तराजूत तोलतात. भूकंप आला तर इशारा देणारा द्रष्टा आणि नाही आला तर थापाड्या. हा तराजूच चुकीचा आहे असं माझं म्हणणं आहे. इशाऱ्याची किंमत दोन गोष्टींवर ठरते. आपल्याला काय माहीत आहे आणि काय नाही हे त्याने प्रामाणिकपणे सांगितलं का? आणि भूकंप उद्या येवो की पन्नास वर्षांनी, लोकांनी आज काय करायचं हे त्याने सांगितलं का? ज्या माणसाचं उदाहरण सगळे देतात त्या आकित्सुने इमामुरा यांचं आयुष्य नीट पाहिलं तर तेही हेच सांगतं. म्हणून ते इथे जरा तपशिलात मांडतो.

इमामुरा १८७० चे, कागोशिमाचे. १९०१ मध्ये टोकिओ शाही विद्यापीठात भूकंपशास्त्राचे सहायक प्राध्यापक झाले, पण त्या पदाला पगार नव्हता. घर चालायचं ते लष्कराच्या भूमापन विभागात गणित शिकवून. १८९६ च्या सानरिकू त्सुनामीत वीस हजारांवर माणसं गेली. त्यानंतर, समुद्राचा तळच हलल्यामुळे अशा लाटा उठतात हे सांगणाऱ्या पहिल्या काही लोकांत ते होते. आज शाळकरी मुलाला ठाऊक असलेली ही गोष्ट तेव्हा वरिष्ठांना पटत नव्हती. वरिष्ठ म्हणजे प्राध्यापक फुसाकिची ओमोरी, वयाने दोनच वर्षांनी मोठे आणि कीर्तीने जगभर पोचलेले. मोठ्या भूकंपानंतरचे पश्चात धक्के कोणत्या गतीने ओसरतात याचा त्यांनी १८९४ मध्ये मांडलेला नियम आजही वापरात आहे. भूकंपमापकालाही त्यांचं नाव लागलं. या दोघांचा वाद ‘हुशार आणि मठ्ठ’ असा रंगवला जातो. तसं करणं ओमोरींवर अन्याय आहे, आणि त्यातून आपल्याला शिकण्यासारखं काही उरतही नाही.

सप्टेंबर १९०५ मध्ये ‘ताइयो’ या लोकप्रिय मासिकात इमामुरांचा लेख आला. त्यांचं गणित साधं होतं. हजाराहून जास्त बळी घेणारे तीन भूकंप टोकिओने पाहिले होते, १६४९, १७०३ आणि १८५५ चे. सरासरी शंभरेक वर्षांनी एक. पण पहिल्या दोघांत ५४ च वर्षांचं अंतर होतं आणि १८५५ ला आता पन्नास वर्षं झाली होती. तेव्हा पुढच्या पन्नास वर्षांत केव्हाही असा भूकंप येऊ शकतो, तयारीला एक दिवसाचाही उशीर नको. लेखाचा हा भाग सगळ्यांना पाठ असतो. खरं वजन मात्र पुढच्या भागात आहे. भूकंपाने नळ फुटतील, आग लागली की विझवायला पाणी नसेल, लाकडी घरांचं हे शहर पेटेल आणि एक ते दोन लाख माणसं मरतील. म्हणून रॉकेलचे दिवे काढा, विजेचे लावा, पाण्याची व्यवस्था सुधारा. लेख वाचून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून करता येईल असं काम त्यात होतं.

जानेवारी १९०६ मध्ये एका वृत्तपत्राने त्यातले दिवे आणि नळ गाळले आणि मोठं संकट कोसळणार एवढंच छापलं. ते वर्ष जपानी पंचांगात ‘अग्नी-अश्वा’चं, आगींसाठी अपशकुनी मानलेलं. मग फेब्रुवारीत टोकिओ उपसागरात भूकंप झाला आणि कुणीतरी वेधशाळेच्या नावाने फोन फिरवले की आता मोठा येणार. लोक घरंदारं सोडून मोकळ्या मैदानांत पळाले. ओमोरींनी त्याच मासिकात उत्तर लिहिलं आणि अशा भाकितांना निराधार वावड्या ठरवलं. इमामुरांना बढाईखोर म्हणू लागले. १९१५ च्या नोव्हेंबरात टोकिओजवळच्या बोसो द्वीपकल्पात छोट्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. सम्राटाच्या राज्यारोहणासाठी ओमोरी क्योतोला गेले होते. इमामुरांनी पत्रकारांना सांगितलं की काळजी घेतलेली बरी. मोठा भूकंप झाला नाही आणि परतल्यावर ओमोरींनी त्यांना खडसावलं.

आता ओमोरींची बाजू, आणि ती मनापासून मांडली पाहिजे. तीन भूकंप म्हणजे दोन अंतरं, एक ५४ वर्षांचं, दुसरं १५२ चं. यांची सरासरी काढून त्यावर शहराचं भवितव्य टांगायचं? आज आपल्याला हेही कळलं आहे की १७०३ चा भूकंप टोकिओच्या दक्षिणेला समुद्रात असलेल्या सागामी गर्तेतला होता आणि १८५५ चा थेट शहराच्या पोटाखालचा. उगमच वेगळे. दोन वेगळ्या विहिरींचं पाणी मोजून तिसरी केव्हा आटेल ते सांगावं, तसा तो हिशोब होता. शास्त्र म्हणून ओमोरींचा आक्षेप बरोबर होता आणि १९२३ मध्ये भूकंप झाला म्हणून तो चुकीचा ठरत नाही. इमामुरांचं आकड्याबाबतचं म्हणणं खरं झालं त्यात योगायोगाचा वाटा होता. हे मान्य करायला त्यांच्या चाहत्यांना जड जातं, पण मान्य केलं नाही तर उद्या कुणीही ग्रहांच्या स्थितीवरून तारीख सांगेल आणि दहातली एक जुळली की स्वतःला इमामुरा म्हणवून घेईल. असे लोक आहेत. प्रत्येक मोठ्या भूकंपानंतर त्यांचे संदेश आपल्याही फोनवर येतात.

ओमोरींचा दुसरा आक्षेप याहून गंभीर होता. लोक घाबरले की काय करतील याची त्यांना धास्ती होती. ती किती खरी होती हे १९२३ मध्येच दिसलं. भूकंपानंतर कोरियन लोक विहिरींत विष टाकत आहेत, आगी लावत आहेत अशा अफवा पसरल्या. पोलिसांनी आणि सैन्यानेही त्यांना हवा दिली. गावोगावच्या टोळ्यांनी हजारो निरपराध कोरियन माणसं मारली. त्यांच्यासोबत चिनी मारले गेले, बोलीवरून परके वाटलेले जपानीही मारले गेले. भीतीने माणसं मरतात हा मुद्दा म्हणूनच मी हलक्यात घेणार नाही. पण विचारायला हवं की ही अफवा कोणत्या जमिनीत रुजली? वृत्तपत्रांच्या कचेऱ्या जळाल्या होत्या, तारा तुटल्या होत्या, कुणालाच काही ठाऊक नव्हतं. आणि त्याआधीची सतरा वर्षं शहराला एकच सांगितलं गेलं होतं की काळजीचं कारण नाही. संकटात काय घडतं, पाणी कुठे, जायचं कुठे, कुणाचं ऐकायचं, याची काहीच ओळख नसलेल्या लोकांच्या हाती अफवा पडली. १९०६ ची पळापळसुद्धा इमामुरांच्या लेखामुळे झाली नव्हती. काय करायचं ते कापून नुसतं भय छापलं त्या बातमीने लोकांची मनं तयार केली, आणि खोट्या फोनने त्यांना घराबाहेर काढलं.

१ सप्टेंबर १९२३, सकाळी ११ वाजून ५८ मिनिटं. घरोघरी जेवणासाठी चुली आणि शेगड्या पेटलेल्या. इमामुरा विद्यापीठात आपल्या टेबलाशी होते. ओमोरी सिडनीत, तिथल्या रिव्हरव्ह्यू वेधशाळेत पाहुणे म्हणून गेलेले. समोरच्या भूकंपमापकाचा काटा हलू लागला आणि आपल्याच देशाच्या दिशेने काहीतरी भयंकर घडतं आहे हे त्यांनी पाहिलं. टोकिओत शंभराहून जास्त ठिकाणी आग लागली. नळ फुटले होते. वादळामुळे वारा सुटलेला. होंजो भागात लष्करी कपड्यांच्या जुन्या कारखान्याचं मोकळं मैदान होतं. लोक तिथे सामानसुमान, गाद्या-गिरद्या घेऊन जमले. आगीचा लोळ त्या मैदानावर आला आणि तिथे सुमारे ३८,००० माणसं गेली. एकूण मृत आणि बेपत्ता सुमारे १,०५,०००, त्यांतले बहुतेक आगीने. इमामुरांनी लिहिलेलं अक्षरशः घडलं, आणि घडलं ते नळ, दिवे आणि लाकूड याबाबत. त्या भागाला सरासरीची गरजच नव्हती. भूकंप १९२३ ऐवजी १९८० ला आला असता तरी रॉकेलचा दिवा काढणं योग्यच ठरलं असतं.

ओमोरींनाही हे कळत होतं. १९०६ च्या भूकंपानंतर ते सॅन फ्रान्सिस्कोला गेले होते. फुटलेल्या नळांमुळे शहर कसं जळालं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि टोकिओच्या पाणीव्यवस्थेत सुधारणा व्हावी असं तेही सांगत होते. म्हणजे जो मुद्दा सर्वांत महत्त्वाचा त्यावर दोघांचं एकमत होतं! वाद झाला तो ‘कधी’ यावर, आणि त्या वादाच्या धुरळ्यात ‘काय करायचं’ हरवून गेलं. या प्रकरणातलं मला सर्वांत जास्त बोचणारं हेच आहे. ओमोरी बोटीने परतले तेव्हा आजारी होते. ८ नोव्हेंबर १९२३ ला मेंदूच्या गाठीने ते गेले आणि त्यांची खुर्ची इमामुरांकडे आली.

कुणी म्हणेल, शास्त्रज्ञाला खात्री नसेल तर त्याने गप्प बसावं. पण ओमोरी गप्प बसले नव्हते, त्यांनी दिलासा दिला होता. ‘घाबरू नका’ हेसुद्धा एक भाकीतच असतं आणि त्याचा पुरावा मात्र कुणी मागत नाही. इटलीतल्या लाक्विला गावाचं उदाहरण ताजं आहे. २००९ च्या सुरुवातीला तिथे महिनोन्‌महिने छोटे धक्के बसत होते. एक तंत्रज्ञ रेडॉन वायू मोजून भूकंप येणार म्हणत फिरत होता आणि शेजारच्या सुल्मोनाबद्दलचा त्याचा अंदाज फसला होता. लोकांना शांत करण्याच्या घाईत नागरी संरक्षण खात्याच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने सांगितलं की लहान धक्क्यांनी ऊर्जा बाहेर पडते आहे, हे उलट चांगलं लक्षण आहे. हे शास्त्राला धरून नव्हतं. त्या गावाची जुनी रीत होती की धक्का बसला की रात्र बाहेर, चौकात काढायची. ६ एप्रिलच्या रात्री आधी धक्के बसूनही काही जण त्या दिलाशावर विसंबून घरातच झोपले. तीनशेहून जास्त माणसं गेली. २०१२ मध्ये सात जणांना शिक्षा झाली तेव्हा जगभर ओरड झाली की भूकंप सांगता आला नाही म्हणून शास्त्रज्ञांना तुरुंगात टाकलं. अपिलात सहा शास्त्रज्ञ सुटले आणि ते योग्यच झालं, कारण भूकंप सांगता न येणं हा गुन्हा नव्हे. त्या अधिकाऱ्याची शिक्षा मात्र कमी होऊनही कायम राहिली. कोर्टाने केलेला हा फरक आपण वाद घालताना करत नाही.

इमामुरांविरुद्धचा सगळ्यात भक्कम मुद्दा त्यांच्या पुढच्या आयुष्यातून येतो, आणि तो टाळून हा लेख प्रामाणिक राहणार नाही. १९२३ नंतर त्यांचं लक्ष नानकाई गर्तेकडे गेलं. जुन्या बखरींत आणि मठांच्या नोंदींत तिथल्या महाभूकंपांची मालिका सापडत होती, १७०७ चा, १८५४ चा, मागे पार ६८४ पर्यंत. पुढचा फार लांब नाही असं मानून त्यांनी १९२८ पासून त्या किनाऱ्यावर खासगी पैशाने निरीक्षण केंद्रं उभारली. १९४४ मध्ये त्यांच्या आग्रहावरून, ज्या भूमापन विभागात त्यांनी पोटासाठी गणित शिकवलं होतं त्यानेच काकेगावा भागात जमिनीची पातळी मोजली. ते मोजमाप चालू असतानाच, ७ डिसेंबरला, त्याच गर्तेत तोनानकाईचा भूकंप झाला. भूकंपाच्या आधल्या दिवसांत जमीन कलली होती असं त्या नोंदींवरून पुढे मांडलं गेलं. त्या एका नोंदीवर मोठी आशा उभी राहिली. आधी जमीन कलते, तर मापकं बसवू आणि गर्तेच्या पूर्व टोकाच्या तोकाई भागातला पुढचा भूकंप दोन-तीन दिवस आधी सांगू. १९७८ मध्ये त्यासाठी कायदा झाला. सगळ्यांच्या नजरा तोकाईकडे लागल्या, आणि १७ जानेवारी १९९५ ला भूकंप आला कोबेला, जिथे त्याची फारशी कुणाला धास्ती नव्हती. ६,४३४ माणसं गेली. २०१७ मध्ये सरकारने अखेर मान्य केलं की तारखेचं असं भाकीत शक्य नाही. चीनमध्ये १९७५ ला हायचेंग शहर भूकंपाआधी रिकामं केलं गेलं म्हणून जयजयकार झाला आणि पुढच्याच वर्षी तांगशान काहीही इशारा न मिळता जमीनदोस्त झालं, दोन लाख चाळीस हजारांवर बळी गेले. भाकिताचा नाद महाग पडतो, हे मला मान्य आहे. पण यात हरली ती इमामुरांची सरासरी आणि कललेल्या जमिनीवरची त्यांची आशा. नळांचं काय झालं? कोबेतही नळ फुटले, आगी लागल्या, लाकडी घरांची वस्ती जळाली. १९०५ चा तो परिच्छेद नव्वद वर्षांनीही शिळा झालेला नव्हता.

म्हणून २०२४ च्या इशाऱ्याकडे मी असा पाहतो. ‘लांडगा आला रे आला’ ची गोष्ट इथे लागू होत नाही, कारण त्या पोराने लांडगा नसताना आला म्हणून सांगितलं होतं. जपानी संस्थेने सांगितलं की आठवडाभरात मोठा भूकंप होण्याची शक्यता काही शेकड्यांत एक इतकी आहे, नेहमीपेक्षा काही पट जास्त, आणि कदाचित काहीच होणार नाही. हे खरं होतं. एकदा निवडणूक घेऊन मतपेटी तपासावी तसं या विधानाचं खरं-खोटं एका आठवड्यात करता येत नाही. त्याची जी खरी उणीव होती तिच्याबद्दल मात्र फार थोडे बोलले. एका गावाने किनारा बंद केला, शेजारच्याने चालू ठेवला. कपाटं भिंतीला बांधा, बाहेर पडायची वाट आज चालून बघा, पाणी भरून ठेवा, एवढं सांगितलं गेलं. पण हॉटेलवाल्याने काय करायचं, आरक्षण केलेल्याने जायचं की नाही, याचं सरळ उत्तर कुणापाशी नव्हतं. व्यावसायिकांचा राग खरा आहे आणि त्यांचं नुकसानही. पण त्यावरचा उपाय इशारा बंद करणं नव्हे, त्यातलं ‘काय करायचं’ अधिक स्पष्ट करणं आहे.

हे लिहिताना किल्लारी डोळ्यांसमोरून हलत नाही. १९९२ च्या ऑक्टोबरात तिथे धक्के सुरू झाले होते, लोक हवालदिल झाले होते. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीची रात्र उलटून गेलेली, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. त्यानंतर आजपर्यंत आपण विचारतो की शास्त्रज्ञांना आधी कळलं कसं नाही? प्रश्न दुःखातून येतो हे मला समजतं. पण त्या धक्क्यांवरून कुणालाही तारीख सांगता आली नसती, आणि सांगितली असती तर ती बहुधा चुकली असती. सांगता काय आलं असतं? मातीत रचलेल्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, वर मातीचं जड माळवद, आणि भिंतीच्या आतल्या-बाहेरच्या थरांना एकमेकांशी बांधणारं काहीच नाही. भिंतीच्या आरपार जाणारे दगड घाला, वर चारी भिंतींना कवळणारा पट्टा घाला, माळवदावरची माती कमी करा. भूकंपानंतरच्या पुनर्वसनात हेच गवंड्यांना शिकवलं गेलं. ते आधी का नाही? कारण तेव्हाच्या नकाशात किल्लारी देशातल्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. दख्खनचा पाषाण स्थिर आहे हा दिलासा कोयनेने ११ डिसेंबर १९६७ ला एकदा मोडून काढला होता, तरी किल्लारीच्या भागाचा नकाशातला रंग तोच राहिला. लाक्विलात जे एका अधिकाऱ्याच्या तोंडून ऐकू आलं ते आपल्याकडे नकाशाने सांगितलं.

इमामुरांच्या कामातला एक भाग कमी सांगितला जातो. मुलांना भूकंप आणि त्सुनामी शाळेतच शिकवल्या पाहिजेत यासाठी त्यांनी खूप खटपट केली. १८५४ ची एक गोष्ट त्यांना फार महत्त्वाची वाटायची. किई किनाऱ्यावरच्या हिरो गावात लाट आली तेव्हा अंधार पडलेला होता. हामागुची गोर्यो नावाच्या सधन गृहस्थाने भाताच्या उडव्या पेटवल्या आणि त्या उजेडात लोकांना वाट दाखवत टेकडीवर नेलं. १९३७ पासून ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात आली. पुस्तकात आग तेवढी राहिली. इमामुरांना त्यापुढचाही भाग सांगायचा असे, कारण पुढची लाट केव्हा येईल हे माहीत नसताना हामागुचींनी स्वतःच्या पैशाने गावासाठी बांध घातला. चार वर्षं काम चाललं. लाटेने उघडं पडलेलं गाव सोडून जाऊ नये म्हणून त्याच गावकऱ्यांना बांधावर मजुरी दिली. सुमारे ६०० मीटर लांब, ५ मीटर उंच.

बांध पुरा झाल्यावर त्याला अठ्ठ्याऐंशी वर्षं काहीच काम पडलं नाही. २१ डिसेंबर १९४६ च्या पहाटे नानकाईचा भूकंप झाला आणि लाट आली. गावाचा बहुतेक भाग बांधाआड वाचला. पाणी शिरलं ते बांध नव्हता त्या सखल बाजूने. इमामुरा तेव्हा शहात्तर वर्षांचे होते. १ जानेवारी १९४८ ला ते गेले. हिरोमध्ये दर नोव्हेंबरात शाळेची मुलं आजही ओंजळभर माती आणून त्या बांधावर टाकतात.